पंधरावी फेरी

ती लढत आपल्याकडे उजाडायच्या आत संपली. 2024 चा मे महिना, रियाधमध्ये बॉक्सर ओलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्यूरी. हेवीवेटचे, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचे, चार संघटनांचे चारही विजेतेपदाचे पट्टे पहिल्यांदाच एका माणसाकडे जाणार होते. नोव्हेंबर 1999 मध्ये लेनॉक्स लुइसने होलीफिल्डला हरवलं, त्यानंतर या वजनगटाला निर्विवाद विजेता मिळालाच नव्हता. घरचे झोपलेले, आवाज बारीक केलेला, आणि पंचांचे गुण वाचून दाखवले जात असताना मी खुर्ची सोडून उभा राहिलेलो. सकाळी मामांना फोन करून सांगितलं, आज काही झालं तरी ही लढत बघा. त्यांनी बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "बघितली रे तुझी लढत. दोन थोराड माणसं एकमेकांच्या अंगावर रेलतायत. हे हेवीवेट? अलीने दोघांनाही एकाच रात्रीत झोपवलं असतं." मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन मामीकडे दिला आणि विषय आंब्यांच्या पेटीकडे वळला.

असं बोलणारे खूप भेटतात. आमच्या वेळी असं होतं, आता तसं राहिलं नाही, हे कुठल्याही खेळाबद्दल ऐकायला मिळतं आणि आपण मान डोलावून पुढे जातो. पण मामांचं बोलणं असं सोडून देता येत नाही. रेल्वेत नोकरीला असताना ते काही वर्षं स्वतः ग्लोव्हज घालून रिंगमध्ये उतरलेले आहेत. डाव्या भुवईवर तेव्हाचा एक पांढरा व्रण अजून दिसतो. माझ्या लहानपणी त्यांच्या लोखंडी ट्रंकेत वर्तमानपत्रांची कात्रणं असायची, कडा पिवळ्या पडलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची, आणि त्यात बहुतेक अलीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मामी झोपली की ते मला स्वयंपाकघरात उभं करून अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, दाखवत. गुडघे वाकवायचे, डोकं समोरच्याच्या छातीशी न्यायचं, आणि ठोसा हाताने न मारता डाव्या पायाच्या चवड्यापासून वर आणायचा. "खांद्याने मारशील तर गुदगुल्या होतील. कंबर फिरव." त्यांची मूठ माझ्या बरगडीपाशी येऊन थांबायची. तिचा वारा लागायचा. व्हीसीआर भाड्याने आणून मी पहिल्यांदा अली-फ्रेझरची ती 1971 ची लढत पाहिली, तेव्हा मला फ्रेझरच्या जागी मामाच दिसत होते.

8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली लाल चड्डीत, फ्रेझर हिरव्या. दोघेही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर. पहिल्या काही फेऱ्यांत अलीचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, फ्रेझरच्या तोंडावर इतक्या वेळा बसतात की त्याचा चेहरा हळूहळू आकार बदलायला लागतो. पण तो मागे सरत नाही. डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी अर्धं पाऊल पुढे. अकराव्या फेरीत अलीचे पाय कापतात आणि तो ते नाटक असल्यासारखं दाखवतो. मग पंधरावी फेरी. इतक्या उशिरा, इतके ठोसे खाऊन झाल्यावर, फ्रेझर डावा हुक खूप मागून, जवळजवळ जमिनीपासून आणतो आणि अली पाठीवर पडतो. त्याच्या बुटांना बांधलेले गोंडे हवेत उडतात. आणि तो उठतो. पडला हे पाहून जितका धक्का बसतो त्याहून जास्त तो इतक्या लवकर उठला याचा बसतो. तिन्ही अधिकाऱ्यांनी कौल फ्रेझरला दिला, आणि त्यानंतर जिंकलेला फ्रेझर कितीतरी दिवस रुग्णालयात होता.

हे एकदा पाहिलेल्या माणसाने रियाधमधली मिठीमारी का बघावी?

मामांची बाजू मी माझ्या परीने पूर्ण मांडून पाहिली. त्यांनी ती एका वाक्यात उरकली असली तरी तिच्यात दम आहे. ऑक्टोबर 1974 मध्ये अलीने किन्शासात फोरमनला पाडलं. तिथून पुढच्या वर्षभरात तो वेपनरशी लढला, लाइलशी लढला, कुआलालंपूरला जाऊन बग्नरशी लढला आणि 1 ऑक्टोबर 1975 ला मनिलात पुन्हा फ्रेझरसमोर उभा राहिला. बारा महिन्यांत पाच लढती, पाचही विश्वविजेतेपदाच्या दर्जाच्या. त्याच्याही आधी, 1941 या एका वर्षात जो लुइसने सात वेळा आपलं विजेतेपद पणाला लावलं होतं. आणि आताचा सर्वोत्तम माणूस, उसिक, 2021 मध्ये एकदा लढला, 2022 मध्ये एकदा, 2023 मध्ये एकदा. वर्षातून एकदाच जो रिंगमध्ये दिसतो त्याच्यावर जीव कसा जडणार? अली लोकांच्या घरातला माणूस झाला याचं एक कारण त्याची वाणी असेल, पण तो सतत दिसत होता हेही आहे. त्यात चार संघटना, चार पट्टे, आणि प्रत्येकीचा वेगळा आव्हानवीर. फ्यूरी आणि जोशुआ, एकाच देशाचे दोन विजेते, दोघेही भरात असताना 2021 च्या ऑगस्टमध्ये सौदीत लढणार असं ठरत आलं होतं. ते लवादाच्या एका निर्णयाने मोडलं, कारण फ्यूरीवर अमेरिकेच्या वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायचं बंधन होतं. त्या वयातली, त्या जोमातली ती लढत आता कधीच दिसणार नाही. याचा मला आजही मनापासून राग येतो.

पण मग मी मामांच्या ट्रंकेबाहेरची वर्षं आठवायला लागतो. 1980 ते 1987 या काळात डब्ल्यूबीए या संघटनेचा पट्टा टेटकडून वीव्हरकडे, वीव्हरकडून डोक्सकडे, मग कूट्झी, पेज, टब्स, विदरस्पून, स्मिथ आणि शेवटी माइक टायसनकडे असा फिरला. यातली किती नावं कुणाच्या तोंडी आहेत? गुणी मुलं होती ती, हातांना चपळ, पण पोटं सुटलेली, सरावाला कंटाळलेली, काहींना अमली पदार्थांनी गिळलेलं. त्यांची कात्रणं मामांनी कापलीच नाहीत. टायसनने मार्च 1987 मध्ये स्मिथकडून पट्टा घेतला ती लढत बारा फेऱ्या चालली आणि स्मिथने तिचा बराचसा वेळ टायसनला कवटाळून काढला. वाटल्यास शोधून बघावी, रियाध तिच्यापुढे मेजवानी वाटेल. खुद्द अलीनेही जानेवारी 1974 च्या दुसऱ्या लढतीत फ्रेझरची मान डाव्या हाताने खाली ओढून धरायचा सपाटा लावला होता. फ्रेझरचा ट्रेनर एडी फच त्यावर इतका चिडला होता की मनिलात पंच कोण असणार याबद्दल तो अडून बसला. क्लिंच, म्हणजे समोरच्याला मिठी मारून धरणं, ही आजच्या लोकांनी काढलेली पळवाट नाही, ती या खेळाइतकीच जुनी आहे.

श्रेष्ठ माणसं तेव्हा एकमेकांना टाळत नव्हती असं म्हणावं, तर तेही खरं नाही. रिडिक बोने डिसेंबर 1992 मध्ये लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण लेनॉक्स लुइसशी लढला नाही. याच लुइसने 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत त्याला हरवलं होतं. त्याही मागे गेलं तर 1920 च्या दशकात, विजेत्या जॅक डेम्प्सीच्या काळातला हॅरी विल्स आठवतो. वर्षानुवर्षं पहिला दावेदार, करारावर सह्यासुद्धा झाल्या, आणि तो काळा होता म्हणून ती लढत झाली नाही. पैशासाठी टाळणं वाईटच, पण कातडीचा रंग बघून टाळणं कितीतरी वाईट होतं, आणि ते ज्याला आपण सोन्याचा काळ म्हणतो त्या काळात चाललं होतं. 1971 ते 1975 ही पाच वर्षं खरोखर सोन्याची होती. अली, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन एकाच वेळी जन्माला यावेत आणि एकमेकांशी पुन्हा पुन्हा लढावेत हा योगायोग होता. त्या पाच वर्षांना आपण सगळा भूतकाळ समजून बसलोय.

आणि त्या काळात अर्धं जग रिंगबाहेर होतं, हे मला अलीकडे जास्त जाणवतं. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन 1972, 1976 आणि 1980 अशी ओळीने तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेऊन गेला. सरळ पाठ, लांब हात, आणि असा उजवा ठोसा की समोरच्याला तो येताना दिसायचाच नाही. त्याला व्यावसायिक होण्यासाठी डॉलर दाखवले गेले आणि त्याने नकार दिला. सोव्हिएत संघातल्या पोरांना तर विचारलंही जात नव्हतं. 1991 नंतर ते दार उघडलं आणि क्लिचको बंधू आले, पोवेत्किन आला, उसिक आला. शेकडो हौशी लढतींचा अनुभव घेतलेली, लहानपणापासून पायांचं गणित पक्कं केलेली ही माणसं. त्याच सुमाराला अमेरिकेतली धिप्पाड, चपळ मुलं अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे गेली. तिथे शाळा, कॉलेज, शिष्यवृत्ती, आणि डोक्यावर ठोसे खायची गरज नाही. एका देशातून कौशल्य गेलं आणि दुसरीकडून आलं. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्याला ऱ्हास म्हटलं आणि ती वृत्तपत्रं वाचणाऱ्या आपण सगळ्यांनीही. व्लादिमिर क्लिचको दहा वर्षांच्या आसपास विजेता होता, 2006 ते 2015. त्याच्या लढती मीही जांभया देत पाहिल्यात. जॅब, जॅब, मिठी, पुन्हा जॅब. पण ज्या अंतरावरून तो जॅब जायचा ते अंतर सव्वासहा-साडेसहा फुटांच्या माणसाने छत्तीस मिनिटं राखणं हे कसब नाही असं मला म्हणवत नाही. ते रुक्ष होतं. कौशल्य आणि रंगत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मामा त्या एकत्र करतात.

उंचीचं म्हणाल तर मामांकडे तयार उत्तर असतं. जो लुइसने 1935 मध्ये कार्नेरासारख्या पहाडाला सहाव्या फेरीत लोळवलं. डेम्प्सीने 1919 मध्ये टोलेडोच्या उन्हात स्वतःपेक्षा पंचवीस-सव्वीस किलोंनी जड असलेल्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. खरं आहे. पण कार्नेरा आणि विलर्ड हे आधी आकाराने मोठे होते आणि मग जमेल तेवढे बॉक्सर. फ्यूरी सहा फूट नऊ इंच आहे, रियाधला त्याचं वजन 119 किलोंच्या घरात होतं, आणि तो कमरेतून मागे झुकून ठोसा नाकासमोरून जाऊ देतो, उलट्या पवित्र्यात जातो, पुन्हा सरळ होतो. एवढा मोठा देह इतका लवचीक असल्याचं जुन्या फिल्म्समध्ये मला कुठे आढळलं नाही. रॉकी मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्ये निवृत्त झाला, आणि त्याचं लढतीचं वजन 84-85 किलो असायचं. आजच्या नियमाने तो हेवीवेट ठरलाच नसता. त्याची जागा हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेटमध्ये असती.

एका गोष्टीत मात्र मामांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. छातीला छाती लावून लढायची विद्या गेली. स्वयंपाकघरात मला शिकवली जात होती तीच. समोरच्याच्या हनुवटीखाली डोकं घालायचं, त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूने आपला हात मोकळा करायचा, एक बरगडीत, एक यकृतावर, मग तोच हात न मागे घेता वर जबड्याकडे. फ्रेझर हे कितीही फेऱ्या करू शकायचा. माइक टायसन तरुण असताना यात पटाईत होता, कारण कस डी'आमाटो या ट्रेनरने त्याला दोन्ही मुठी गालांशी धरून, डोकं हलवत आत शिरायला शिकवलं होतं. आज दोघं जवळ आले की जड माणूस आपलं वजन दुसऱ्याच्या मानेवर टाकतो आणि पंच येऊन लगेच सोडवतो. जिथे फ्रेझरचं काम सुरू व्हायचं तिथे आजची देवघेव थांबते. जे काम करून देतच नाहीत ते कुणी शिकणार नाही. पोटावर मारणारा हेवीवेट आता दिसला की मला आनंद होतो, इतका तो दुर्मिळ झालाय.

आणि पंधरावी फेरी गेली.

नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी गेला. तो लाइटवेट, म्हणजे हलक्या वजनगटातला होता, पण त्याच्या मृत्यूनंतर एकेका संघटनेने सगळ्याच वजनगटांच्या विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत काय घडायचं हे मनिलाने दाखवलं आहे. सकाळची वेळ, बंद सभागृहातली दमट काहिली, फ्रेझरचे डोळे सुजून मिटत चाललेले, अलीचे उजवे ठोसे त्याला दिसत नाहीत. चौदाव्या फेरीनंतर एडी फचने त्याला स्टुलावरून उठू दिलं नाही. मृत्यूच्या सर्वांत जवळ मी तेव्हा गेलो होतो, अशा अर्थाचं अली पुढे बोलला. बारा फेऱ्यांची लढत असती तर मनिला मनिला झालीच नसती, आणि 1971 चे ते हवेत उडालेले गोंडेही कुणी पाहिले नसते. मला त्या फेऱ्यांची ओढ आहे, हे मी नाकारत नाही.

पण 1996 च्या जुलैतली एक सकाळही मला आठवते. अटलांटा ऑलिम्पिकचं उद्घाटन आपल्याकडे सकाळी दिसत होतं. मशाल घेऊन शेवटी कोण येणार हे गुपित होतं, आणि अली उजेडात आला. डावा हात थरथरत होता, चेहरा गोठलेला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो. मामा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते आत आले नाहीत, आणि त्या दिवशी कुणी त्यांना अलीबद्दल काही विचारलं नाही. पार्किन्सन्सचं निदान 1984 मध्येच झालं होतं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्यात ठोशांचा वाटा किती हे डॉक्टरांनी ठरवावं, पण 1980 मध्ये लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या बदडलं ती लढत पाहिलेल्या कुणाला त्याबद्दल फार शंका उरत नाही. होम्स स्वतःच मारता मारता पंचाकडे बघत होता. जेरी क्वारी हा त्याच काळातला, अलीशी दोनदा आणि फ्रेझरशी दोनदा लढलेला, प्रेक्षकांचा लाडका, कधी मागे न हटणारा. 1999 मध्ये तो गेला, त्रेपन्नाव्या वर्षी, मेंदू इतका झिजलेला की अखेरीस अंगात कपडे घालायलाही दुसऱ्याची मदत लागायची. आपण ज्याला रंगत म्हणतो तिचं बिल या माणसांनी असं चुकवलं. वर्षाला पाच लढती आणि पंधरा फेऱ्या परत आणा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आजचा बॉक्सर वर्षात एकदा लढतो, पोटापुरतं नव्हे तर सात पिढ्यांपुरतं कमावतो आणि पन्नाशीत आपल्या मुलांची नावं न चुकता घेऊ शकतो, तर मी वर्षभर वाट पाहीन.

शिवाय ती वाट अगदीच कोरडी जात नाही. डिसेंबर 2018, लॉस एंजेलिस, बारावी फेरी. वाइल्डरचा उजवा आणि त्यामागून डावा बसला आणि फ्यूरी पाठीवर आडवा झाला, हात पसरून, डोळे मिटून. वाइल्डर नाचत वळला. नऊ म्हणेपर्यंत फ्यूरी उभा होता, आणि उरलेल्या वेळात चक्क तोच वाइल्डरला मागे रेटत होता. त्याच्या आधीची काही वर्षं हा माणूस नैराश्यात बुडालेला होता, वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे गेलं होतं. 1971 मध्ये अली ज्या तऱ्हेने उठला त्याच्या पंगतीला मी हे उठणं बसवतो, आणि मामांनी कितीही नाक मुरडलं तरी तिथून हलवणार नाही. 2017 मध्ये वेम्बलीवर नव्वद हजार लोकांसमोर जोशुआ आणि क्लिचको एकमेकांना पाडून उठले. तोच रुक्ष क्लिचको, एकेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा खरोखर धोका पत्करून लढला, आणि हरताना त्याने जितकं प्रेम मिळवलं तितकं दहा वर्षं जिंकताना मिळवलं नव्हतं. 2021 मध्ये फ्यूरी-वाइल्डर तिसरी लढत, एकूण पाच वेळा कुणी ना कुणी जमिनीवर. जुन्या कात्रणांत शोभेल अशी ती रात्र होती.

आणि उसिक. त्याचा जन्म 17 जानेवारीचा, अलीचाही 17 जानेवारीचाच, मधे पंचेचाळीस वर्षं. उंचीही तीच, सहा फूट तीन इंच. अलीच्या काळात ही उंची मोठी वाटायची. आज उसिकला आपल्याहून मोठ्या माणसांत शिरून काम करावं लागतं. तो डावखुरा आहे, म्हणजे उजवा पाय पुढे. मामांना परवा भेटलो तेव्हा मी वाद घातला नाही. लढत पुन्हा लावली, आठव्या फेरीपासून, आणि म्हटलं, हात बघू नका, फक्त त्याचा उजवा पाय बघा. तो पाय दर वेळी फ्यूरीच्या डाव्या पायाच्या बाहेर पडतो. एवढ्याने फ्यूरीचा जॅब अर्धा बोथट होतो आणि उसिकच्या डाव्या हाताला सरळ वाट मिळते. फ्यूरी जागा बदलतो, उसिक पुन्हा बाहेर. नवव्या फेरीत त्याच वाटेने डावा ठोसा जातो आणि एवढा थोरला माणूस या दोरापासून त्या दोरापर्यंत झोकांड्या खात जातो. शेवटी दोर अडवतात म्हणून तो जमिनीवर पडत नाही, आणि पंच गणती सुरू करतो. मामा पुढे सरकून बसले होते. त्यांचा स्वतःचा डावा पाय चटईवर किंचित बाहेर सरकला. "मागे घे," ते म्हणाले. "सातवीपासून लाव."